गुंडाआण्णांची म्हशींची गाणी

माझं शुद्धलेखन चुकतं. वेलांटी पहिली की दुसरी ते मला चौथीतही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळं कुणाला विचारायचंही राहून गेलं. अक्षर तर असं आहे की मी लिहिलेली यादी वाणी परत पाठवतो आणि म्हणतो, तोंडी सांगा वैनी. तेव्हा हे कागद कुणाच्या हातात पडलेच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे कुणाच्या हातात पडू नयेत. मी हे वैरणीच्या खोलीत बसून लिहिते आहे आणि झालं की ट्रंकेत ठेवणार आहे.

लिहायचं कारण असं झालं की मागच्या आठवड्यात आमच्या तालमीच्या हॉलमध्ये गुंडाआण्णांची शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता. फोटो त्यांच्या तरुणपणचा, फेटा आणि मिशीवाला. मी पाहिलेले आण्णा तसे कधीच नव्हते. भाषणं चांगली झाली. आण्णांच्या गाण्यांवर गावोगावचे तमाशे कसे चालले, जत्रेत त्यांची कॅसेट कशी वाजायची, लग्नाच्या वरातीत अजून बँडवाले त्यांचंच गाणं कसं वाजवतात, सगळं सांगितलं. एक पाहुणे होते, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "शेवटचा तो 'पान्हा' अल्बम आपण सोडून देऊ. म्हातारपणी माणूस हळवा होतो, हात घसरतो. तो सोडला तर आण्णांनी आयुष्यात एक पडेल गाणं लिहिलं नाही." हॉलमध्ये सगळे हसले. वाईट हसले नाहीत. आठवण येऊन हसले, कारण 'पान्हा' म्हटलं की आमच्या पेठेत सगळ्यांना एकच गोष्ट आठवते.

शेवटी कुणाला काही बोलायचं असेल तर बोला म्हणाले. आमच्या मालकांनी बायकांच्या बाजूला वळून माझ्याकडं पाहिलं. मी दारातल्या चपलांकडं बघत बसले. मला चार माणसांत पाणी मागायचं झालं तरी घसा बसतो. पण घरी आल्यावर बरं वाटेना. म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन कोडोलीहून कोल्हापुरात आले तेव्हा आण्णांची ओळख मला शाहीर म्हणून नव्हे, गव्हाण खराब करणारा म्हातारा म्हणून झाली. आमचा गोठा गंगावेशीपासून जवळ, गवळ्यांच्या बोळात. आण्णांचं घर दोन दारं सोडून. त्यांची बायको सोनाक्का. तिच्या दोन म्हशी होत्या, त्या जागेअभावी आमच्याच गोठ्यात बांधलेल्या असायच्या. सोनाक्का पहाटे धारेला यायची आणि मागून आण्णा. ते काम काही करायचे नाहीत. शेणात अनवाणी उभे राहायचे, चुलीतला कोळसा खिशातून काढायचे आणि गव्हाणीच्या सिमेंटवर लिहायचे. एक ओळ, दोन ओळी. मग त्यावर वैरण पडायची, म्हैस गव्हाण चाटून साफ करायची, आणि संध्याकाळी आण्णा येऊन बघायचे तर काहीच उरलेलं नसायचं. तेव्हा डोळे मिटून आठवायचे. आठवली तर ओळ ठेवायची, नाही आठवली तर गेली.

मला नवीन होतं म्हणून एकदा मी सोनाक्काला हळूच विचारलं, वहीत का लिहीत नाहीत? आण्णांनी ऐकलं. ते म्हणाले, "वहीत काय बी ऱ्हातंय, लक्षे. वहीला अक्कल न्हाय. म्हशीनं चाटून बी जे माझ्या डोस्क्यात उरंल, तेवढंच गाणं."

सोनाक्का धार काढता काढता म्हणाली, "आनि परवा जे लिवलंतं ते चाटून चंद्रीचं पोट बिगडलं. असलं काय लिवत जाऊ नका."

आण्णा तिच्याशी बोलण्यात कधी जिंकायचे नाहीत. बाहेर त्यांचा मोठा रुबाब. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला आलेली माणसं त्यांना बघून उठून उभी राहायची. आण्णा तोंडाला फेस लागेपर्यंत ग्लास रिकामा करायचे आणि तो न पुसता गप्पा मारायचे. कुणी नवा कवी कविता दाखवायला आला की विचारायचे, "तुज्या घरात कोन नाचलं का ह्येच्यावर? न्हाय? मग मला कशाला दावतोस, पावणं?" पोटात काही नसायचं, पण तोंड तसं होतं. वरात जात असली आणि बँडवाले त्यांचं गाणं वाजवत असले तर मात्र ते बाजूच्या पायरीवर उभे राहायचे आणि एकटेच बोटांनी मांडीवर ठेका धरायचे. नाचणाऱ्या एकालाही माहीत नसायचं की गाणं ह्यांचं आहे. सांगायचेही नाहीत. मी एकदा म्हटलं, सांगा की. तर म्हणाले, "नाचू दे की. घाम आलाय त्येंना. आता कुटं नाव सांगत बसू."

सोनाक्का अचानक गेली. दुपारी कंबर दुखते म्हणून आडवी झाली आणि उठली नाही. तिची कंबर दुखते हे आम्हांला वर्षानुवर्षं माहीत होतं, त्यामुळं त्यात काही असेल असं कुणालाच वाटलं नाही.

त्या संध्याकाळी म्हशींना काय कळणार? धारेची वेळ झाली तशा त्या रेकायला लागल्या. मी चरवी घेऊन चंद्रीच्या खाली बसले. चंद्री सोनाक्काच्या हाताची. तिनं पान्हा चोरला. रेडकू सोडलं, पेंड घातली, कासेला कोमट पाणी मारलं, काही केल्या थेंब देईना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली आणि ती पाय झाडायला लागली. मालक म्हणाले, डॉक्टरला आणतो.

आण्णा गोठ्याच्या दारात आले. तीन दिवसांची दाढी, अंगावर तोच सदरा. म्हणाले, "ती काय तर गुणगुणायची."

मला आठवलं. सोनाक्का धार काढताना तोंड मिटून एक सूर लावायची. त्याला शब्द नव्हते. हूं हूं असं खाली जायचं, थांबायचं, परत वर यायचं. इतकं रोजचं होतं की गोठ्याच्या आवाजात ते वेगळं ऐकूच यायचं नाही. आण्णा म्हणाले, "म्हन तू."

मी म्हटलं, मला नाही येणार.

"रोज कानावर हुतं की तुज्या."

"तुम्ही म्हणा, आण्णा. तुम्ही शाहीर."

त्यांनी प्रयत्न केला. पण फडावर गायलेला गळा, तो हळू होईना. चंद्रीनं कान मागं घेतले. मग मी डोळे मिटले, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि जसं जमेल तसं लावलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा आण्णांनी हातानं दाखवलं, अजून खाली. तिसऱ्यांदा चंद्रीनं शेपटी सोडली आणि माझ्या बोटांत धार आली. मी मागं वळून बघितलं तर आण्णा गव्हाणीला धरून उभे होते आणि रडत होते. आवाज न करता. सोनाक्काच्या मातीला ते रडले नव्हते.

त्यानंतर ते रोज यायचे. कोळसा खिशात असायचा, पण लिहायचे नाहीत. दोन्ही म्हशी त्यांनी आम्हांला देऊन टाकल्या होत्या, तरी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि मी काय गुणगुणते ते ऐकायचे. एक दिवस मालकांना म्हणाले, "तानबा, मला गाणी करायची हायत. ह्या चालीवर. ह्याच धिम्या चालीवर."

मालक म्हणाले, "ह्याच्यावर कोन नाचंल, आण्णा?"

"कोन न्हाय नाचनार."

मालकांनी बरंच समजावलं. पण मनातून त्यांनाही हौस होती. आपल्या गोठ्यात गाणी तयार होतात ह्याचा त्यांना अभिमान होता, ते लोकांना सांगायचे. आण्णांकडं पैसे नव्हते. जुन्या कॅसेटवाल्यांनी एकरकमी देऊन गाणी कायमची घेतली होती. शेवटी मालकांनी आमची पहिलारू म्हैस विकली आणि ते पैसे आण्णांच्या हातात दिले. आण्णा म्हणाले, उसने घेतो, दान नको. मालक म्हणाले, उसनेच.

कळंब्याच्या रस्त्याला एक छोटा स्टुडिओ होता. आण्णांनी गायला बाई बोलावली नाही, स्वतःच गायले. मला घेऊन गेले ते फक्त त्या सुरासाठी. तिथं काचेच्या पलीकडं दोन माणसं बसली होती आणि माझ्या तोंडासमोर ते काळं गोल काहीतरी. माझ्या तोंडातून आवाज म्हणून निघेना. घामानं पदर भिजला. रेकॉर्डिंगवाला घड्याळाकडं बघत होता, कारण तासाचे पैसे असतात. आण्णा बाहेर गेले आणि कुठून तरी एक रिकामी बादली घेऊन आले. म्हणाले, "बस खाली. धार काड." मी फरशीवर बसले, बादली गुडघ्यांत धरली आणि हात हलवायला लागले. नुसत्या हवेत. तोंडातून आपोआप सूर आला. नंतर मी एवढंच मागितलं की माझं नाव कुठं घालू नका. त्यांनी घातलं नाही.

परत येताना रिक्षात ते एक वाक्य बोलले ते मी विसरले नाही. "सारा जलम बाईच्या कंबरंवर गाणी लिवली म्या. हिची कंबर दुकत हुती, ते कवा लिवलं न्हाय."

आता पाडव्याचं सांगायला पाहिजे, कारण लोकांना तेच आठवतं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. महिनाभर आधीपासून तयारी असते. अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, पायात तोडे. मग म्हशीचा मालक मोटारसायकलीवर पुढं, गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढून आवाज नुसता फाडफाड, आणि मागून त्याची म्हैस धावत येते, त्याच्या आवाजाला ओळखून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आण्णांची सगळी गाणी जन्मभर गर्दीतच पहिल्यांदा वाजली होती. जत्रा, फड, मिरवणूक. गाणं बाहेर काढायचं ते गर्दीत, दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. मालकांनाही नव्हती. दोघांनी मिळून ठरवलं की 'पान्हा' पाडव्याला वाजवायचा. टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर लावले. मी घरात म्हटलं होतं, तिथं नको. पण मी म्हणते ते मला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, त्यांना काय येणार?

चंद्री त्या दिवशी नवरीसारखी दिसत होती. मालकांनी गाडी रेझ केली, चंद्री उधळली, मागं आमच्या अजून दोन म्हशी. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात टेंपोवर गाणं सुरू झालं. सुरुवातीला तो माझाच सूर. भिंतीएवढ्या स्पीकरमधून हूं हूं असा सगळ्या रस्त्यावर पसरला.

चंद्री थांबली. भर रस्त्यात, चारही पाय फाकवून, मान खाली घालून उभी राहिली. मागच्या दोघीही थांबल्या. मालक गाडी घेऊन चौकापर्यंत गेले, वळून बघितलं तर मागं म्हैस नाही. आणि चंद्रीच्या कासेतून डांबरावर दूध टपकायला लागलं. तिला वाटलं धारेची वेळ झाली.

मग जे हसू झालं! "ए तानबा, पेट्रोल संपलं की रं म्हशीचं!" "आण्णा, अंगाई लावलीया व्हय?" "अरं चरव्या आणा, चरव्या! फुकट दूध!" एकानं खरोखरच ग्लास आणला. पोरांनी मोबाईल काढले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या कोल्हापुरात फिरलं, माझ्या माहेरी कोडोलीतसुद्धा पोचलं. माझी भावजय फोनवर हसून हसून दमली. ते कुणाचं गुणगुणणं आहे हे तिला माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही.

आण्णा गर्दीतून चंद्रीजवळ गेले. मला गच्चीवरून दिसत होतं. त्यांनी तिच्या कासेखाली हाताची ओंजळ धरली. पडणारं दूध ओंजळीत घेतलं आणि तसेच उभे राहिले. एवढ्या आवाजात ते तिच्याशी काहीतरी बोलत होते.

मालक परत आले ते संतापून. त्यांनी महिनाभर म्हशीला घासून पुसून तयार केलं होतं. सगळ्या पेठेसमोर ते ओरडले, "म्हैस इकून म्हशीची गानी केली ह्या म्हाताऱ्यानं!"

तेच नाव पडलं. म्हशीची गाणी. त्यानंतर अल्बम कुणी विकत घेतला नाही. पेन ड्राइव्हचा एक खोका आण्णांच्या घरात पडून होता. एका कार्यक्रमात तर निवेदकानं त्यांना स्टेजवर बोलावताना विचारलं, बाहेर म्हशी बांधल्या नाहीत ना? आण्णा हसले आणि जुनं गाणं म्हणून खाली उतरले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मालक रागातून उतरले होते, त्यांना लाज वाटत होती. म्हणाले, आत या. आण्णा म्हणाले, "न्हाय. तुझं पैसं फिटल्याबिगर आत पाय ठेवनार न्हाय."

"आण्णा, तोंडातनं गेलं वो. मनात न्हवतं."

"खरं हाय ते. म्हैस तुजी हुती." आणि गेले.

ते शब्दाला इतके धरून बसतील असं आम्हांला वाटलं नव्हतं. गोठा म्हणजे त्यांचं लिहायचं ठिकाण, सोनाक्काची जागा, चंद्री तिथं. सगळं सोडलं. रस्त्यानं जाताना चंद्रीला वास लागायचा, ती रेकायची, आणि ते पलीकडच्या बाजूनं जायचे.

पैसे फेडायला त्यांनी काय केलं? वाढदिवसाची गाणी लिहिली. दादा, भाऊ, साहेब, ज्याचा वाढदिवस त्याचं नाव घालून. मी एकदा बोळात दूध घालायला निघाले तर ते दारात मोबाईलवर कुणाला तरी सांगत होते, "वाघच हाय की तुमचं सायेब. मागच्या आठवड्यात दुसरा वाघ हुता, त्येचं नाव काडतो, तुमचं घालतो." फोन ठेवून मला म्हणाले, "लक्षे, कोल्हापुरात वाघ लई झालं. जंगल कमी पडाय लागलं." एका निवडणुकीत तर त्यांनी आमच्याच प्रभागातल्या दोघा उमेदवारांना गाणी दिली. दोन्ही प्रचाराच्या गाड्या बोळात समोरासमोर आल्या, एकमेकींना वाट देईनात, आणि दोन्हींतून एकच चाल. बायका दारात येऊन हसत होत्या. आण्णा पायरीवर बसून बघत होते. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, "हे चाटायला म्हैस लागत न्हाय. आपसूक पुसतंय."

असे मिळाले की थोडे थोडे आणून द्यायचे. उंबऱ्याबाहेरचा दगड होता, त्यावर बसायचे. मालक दर वेळी राहू द्या म्हणायचे. दर वेळी घ्यावेच लागायचे. चहा दिला तर प्यायचे, दूध नको म्हणायचे. दम लागायला लागला होता. मध्ये एकदा दवाखान्यात राहून आले. तेव्हा मालक फळं घेऊन गेले, आणि आण्णांनी उशीखालून काढून थोडे पैसे दिले. मालक घरी येऊन जेवले नाहीत.

पण आमच्या मालकांनीही 'पान्हा' परत कधी ऐकला नाही. माझ्या मोबाईलवर सुरू असला तर ते गोठ्यातून बाहेर जायचे. आण्णांनीही त्यांना कधी, एकदा ऐक रे, म्हटलं नाही. मी आण्णांना विचारलं होतं, त्यांना ऐकायला सांगा की. तर म्हणाले, "देनेकऱ्यानं सांगितल्यावर त्यो ऐकंल आनि चांगलं बी म्हनंल. तसलं ऐकनं काय कामाचं?"

आता मी जे लिहायला बसले ते हे. ते गुरुजी सभेत म्हणाले ते सगळं खोटं नाही. 'पान्हा'मधली दोन गाणी वाईटच आहेत. एक देवाचं आहे, ते खपावं म्हणून घातलं आणि त्यात मधेच ढोल घुसडला आहे. दुसऱ्यात आजकालच्या गायकांना शिव्या आहेत, ते आण्णांनी घालायलाच नको होतं. त्यांचा आवाजही फाटलेला आहे. खुर्चीत बसून ऐकलं तर प्रत्येक ओळीनंतर इतका वेळ जातो की पुढची ओळ येते की नाही असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, पहिल्यांदा घरात बसून ऐकलं तेव्हा. कंटाळा आला होता, आणि त्यात माझा स्वतःचा आवाज, त्यामुळं लाजेनं अर्ध्यात बंद केलं होतं.

मग एकदा मोबाईल कोनाड्यात ठेवून धारेला बसले आणि लावला. ओळ संपते, आणि मग त्या मोकळ्या जागेत माझ्या दोन्ही हातांच्या धारा चरवीत पडतात. पुढची ओळ तेव्हाच येते. ते थांबणं रिकामं नव्हतंच. आण्णांनी सोनाक्काच्या हातांसाठी जागा सोडली होती. ज्याचे हात रिकामे आहेत त्याला तिथं काही ऐकू येणार नाही. त्यात त्याची चूक नाही, पण गाण्याचीही नाही.

त्यातलं एक गाणं मला पाठ आहे.

कोण पहिलं जागं झालं? दावं म्हणं, मी.
चरवी म्हणं, तुझ्याआधी जागी झाले मी.
जिनं दोघां जागं केलं, ती म्हणंना मी.

एवढंच आहे, फिरून फिरून तेच. जन्मभर त्यांनी गाण्यातल्या बाईचे डोळे, चाल, नथ, चोळी सगळं लिहिलं. ह्या गाण्यांत बाई कशी दिसते ते एका ओळीतही नाही. दुसऱ्या एका गाण्यात ते आमटीत मीठ घालायला जातात आणि किती घालायचं ते कळत नाही म्हणून डबा परत ठेवतात. त्यात रडणं नाही. अळणी आमटी खातात, गाणं संपतं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण नाचायची गाणी लिहिणारे आमच्याकडं पुष्कळ झाले. बाई काम करते त्या वेळेएवढं गाणं लिहिणारा मी दुसरा ऐकला नाही. सभेत हे बोलायला पाहिजे होतं आणि ते मला कधीच जमलं नसतं.

आण्णांना मी शेवटचं पाहिलं ते ह्या उन्हाळ्यात. त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. संध्याकाळी धारेच्या वेळी रिक्षा दारात थांबली. रिक्षावाल्यानं त्यांना धरून उतरवलं. मी गोठ्यात चंद्रीखाली बसले होते. आता ती म्हातारी झाली आहे, दूध थोडंच देते. गोठ्याच्या खिडकीतून दगडावर बसलेल्या आण्णांची पाठ दिसत होती. सदरा खांद्यावर लोंबत होता.

मालक म्हणाले, "आत या की आता, आण्णा."

"आधी घे. शेवटचं हाय. मोजून घे."

"तुमचं काय मोजायचं?"

"मोज म्हनतो न्हवं. म्या एवढं वाघ मोजून दिलं, तू नोटा मोज."

मालक त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मोजायला लागले. चंद्रीनं मान वळवून खिडकीकडं बघितलं. तिची कास जड होती आणि माझे हात चालू होते, तेव्हा सूर आपोआप आलाच. बाहेर आण्णा बसले आहेत म्हणून मी मुद्दाम लावला नाही, आणि आण्णा बसले आहेत म्हणून थांबवलाही नाही. त्या सुरावर मी ते शब्दही म्हणायला लागले, कोण पहिलं जागं झालं. मोठ्यानं नव्हे, माझ्यापुरतं. पण खिडकी उघडी होती.

बाहेर नोटांची सळसळ थांबली. जरा वेळानं मालक म्हणाले, "चुकलं वो. परत मोजतो."

"मोज. गडबड न्हाय," आण्णा म्हणाले. त्यांची मान हळूहळू हलत होती. हात मांडीवर होता.

परत सळसळ सुरू झाली, परत थांबली. "परत चुकलं," मालक म्हणाले.

आमचे मालक अख्ख्या बोळाच्या दुधाचा हिशेब तोंडी करतात. मूठभर नोटांत ते दोनदा चुकणाऱ्यातले नाहीत. मी थांबले नाही. चंद्रीची धार संपली होती, तरी मी सडांवर बोटं ठेवून तशीच बसले आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. नोटांचा आवाज मध्ये एकदाही आला नाही.

गाणं संपलं. मी चरवी उचलली. तेव्हा बाहेरून मालकांचा आवाज आला.

"बरोबर हाय, आण्णा. सगळं फिटलं."